बिनरंगाची पिल्लं

तेराव्याच्या मांडवासाठी लखननं अंगणातला पऱ्हाट्यांचा ढीग काढला, आणि तेव्हापासून घारीला अंगण दिसायला लागलं.

ढीग त्याच्या मायचा, जयवंताबाईंचा होता; तेरावं तिचंच. दरसाल कापूस निघाला की चंपतराव शेतातल्या पऱ्हाट्या चिमट्यानं उपटत आणि जयवंताबाई त्यांचे भारे डोक्यावरून आणून न्हाणीच्या बाजूला रचत. वर्षाचं सरपण. कोंबड्या त्याच्या पोटात शिरून बसत. पिल्लं तर सगळी दुपार आतच काढत. लखनला हे आठवायचं काही कारण नव्हतं. माणसं येणार होती, पंगती बसायच्या होत्या. त्यानं ट्रॅक्टर लावून ढीग गावाबाहेर नेऊन टाकला. कुणीतरी त्याला काडी लावली. मागं उरलेलं अंगण बायांनी सारवून असं लख्ख केलं, की दाणा पडला तरी दिसावा.

मांडव निघाला, पाहुणे गेले. लखन आणि त्याची बायको रुपा इचोड्याला परतले. हायवेला लागून त्याचं पंक्चरचं दुकान होतं, ते जास्त दिवस बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं. घरात चंपतराव उरले आणि त्यांची मुलगी प्रणिता. ती मंचेरियलच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळायची. तिनं धुळवडीपर्यंत रजा वाढवून घेतली. कशासाठी, असं साहेबांनी फोनवर विचारलं. "वडील एकटे आहेत," ती म्हणाली. ते खरंही होतं.

मग दोनेक दिवसांत काळ्या कोंबडीखालची अंडी फुटली.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी मायनं ती कोंबडी अंडी उबवायला, रवणावर बसवली होती. धाप लागत होती, चार पावलं चालली की भिंत धरावी लागत होती. तरी एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं, कोळशानं खूण केली आणि टोपल्यातल्या कोंड्यावर मांडलं. प्रणिता तेव्हा मंचेरियलला होती. हे सगळं तिला शेजारच्या चंदाकाकूनं सांगितलं, रडत रडत. प्रणिता आली ती थेट दवाखान्यात. तिथं एका दुपारी माय तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग सलाईन बदलायला आलेल्या नर्सला म्हणाली, "हे बाई कोन हाये वं? हिले घरी जाऊ दे. हिची माय वाट पाहत असन."

दुसऱ्या दिवशी माय गेली. ते वाक्य प्रणितानं कुणालाच सांगितलं नाही.

पिल्लं नऊ निघाली. काळी, तपकिरी, एक पिवळट, पाठीवर रेघा असलेलं. कोंबडीनं त्यांना पहिल्यांदा अंगणात काढलं त्या सकाळी प्रणिता ओट्यावर तांदळातले खडे निवडत बसली होती. कोंबड्यानं घशातून एक लांब, बारीक आवाज काढला. तिनं वर पाहिलं तोवर सगळं आटोपलं होतं. घार आभाळातून आलीच नव्हती. बोरीच्या कुंपणाच्या उंचीनं आली, जमिनीला पोट घासल्यासारखी अंगणावरून गेली आणि पलीकडच्या चिंचेत शिरली. राखी पाठ, कबुतराएवढं अंग. पुस्तकात याला शिकरा म्हणतात हे प्रणिताला माहीत होतं. गाव सगळ्यांना घारच म्हणे. कोंबडी पंख फुलवून चिंचेच्या दिशेनं दहा हात धावली, थांबली, आणि परत येऊन माती उकरू लागली.

संध्याकाळी चंपतराव शेतातून आले. चिमटा भिंतीला टेकवला, पाय धुतले.

"एक नेलं बाबा घारीनं."

"हं," ते म्हणाले. "भाकर टाकली का?"

तिनं भाकर वाढली. ते ताटात बघत जेवले. मायच्या मागं त्यांचं बोलणं एवढंच उरलं होतं: भाकर, पाणी, लाईट गेली, लाईट आली.

दुसऱ्या दिवशी प्रणिता त्यांच्याबरोबर शेतात गेली. ते चिमट्यात पऱ्हाटीचं खोड धरत, दांड्यावर भार देत, मुळासकट वर काढत. ती गोळा करायची, भारा बांधायची, डोक्यावर चुंबळ ठेवून गावात आणायची. लहानपणी हे केलं होतं, पण मान ते विसरली होती. तिसऱ्या भाऱ्याला मानेत अशी कळ आली की ती वाटेतच थांबली. भारा एकटीनं उतरवता येईना आणि उतरवला तर चढवून द्यायला कुणी नव्हतं. ती तशीच उन्हात उभी राहिली. बाजूनं मोटारसायकलवर दोन पोरं गेली. एकानं मागं वळून पाहिलं. बरंच ऊन खाल्ल्यावर ती पुन्हा चालायला लागली.

ढीग गुडघ्याएवढा झाला. तेवढ्यात आणखी दोन पिल्लं गेली.

चंदाकाकू कुंपणापलीकडून पाहत होती. "डाल्याखाली झाक त्याइले. उन्हात हिंडू काऊन देतं?"

प्रणितानं कोंबडीसकट पिल्लं बांबूच्या डाल्याखाली झाकली. दुपारपर्यंत ती माना टाकून बसली. लाल मुंग्यांनी एकाचा डोळा धरला. डालं उचललं तशी सगळी पाण्याकडे धावली. ते डोळा सुजलेलं मागंच राहिलं, आणि संध्याकाळी ते उठलंच नाही.

लखनचा फोन आला. "किती राह्यली?"

"पाच."

"पाय ताई, म्या बाबाले सांगतलं हाये. तू गेल्यावर कोंबड्याइकडे कोन पाह्यते? बाबा दिवसभर वावरात. इथं धाब्यावाला गावरान घ्याले तयारच हाये. पिल्लं जगली त राहू देऊ, नाई त धुळवडीले येतो तवा पिंजरा घेऊनच येतो. सारा कारभार एकडाव मिटते."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हनतीन. हं म्हनले."

फोन ठेवून ती खुराड्याकडे गेली. खुराड्याचे कवेलू सरकले होते. ते नीट बसवताना आढ्याजवळ प्लास्टिकची घडी हाताला लागली. आत कागदाची पुडी होती, अर्धी वापरलेली. तोंड दोऱ्यानं बांधलेलं. दोऱ्याची गाठ मायची होती. ती गाठ कधी सुटायची नाही, दातानंच तोडावी लागायची. पुडीतून बोटाला गुलाबी लागलं.

तेव्हा तिला आठवलं. त्यांच्या अंगणातली पिल्लं गुलाबी असायची. शाळेतून पोरी मुद्दाम बघायला यायच्या. घारीला पिल्लू ओळखू येत नाही, तिला वाटते हे काय भलतंच, असं माय सांगायची. बारावीत असताना प्रणिता तिला म्हणाली होती की पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. "दिसू दे न," माय म्हणाली होती, "आपल्याले कुठं लपवाचं हाये."

त्या संध्याकाळी तिनं चंपतरावांसमोर पुडी ठेवली.

त्यांनी हात लावला नाही. "कुठं होती?"

"खुराड्यात. लावू का पिल्लाईले?"

"नाई."

"काऊन?"

"काऊन काय? माती झालेल्या घरात रंग नसते. धुळवडीले भाऊकी येते, सटवाजीदादा पह्यला रंग टाकते, मंग घराचा रंग सुटते. आपल्या हातानं आपन नाई घ्याचा. तुले मालूम नाई का?"

"मालूम हाये. पन तवरोक एकबी राह्यनार नाई."

चंपतरावांनी तंबाखूची डबी उघडली, पुन्हा बंद केली. "राह्यलं ते राह्यलं," ते म्हणाले.

होळीच्या दिवशी सकाळी पैनगंगेपलीकडून मायची म्हातारी मावसबहीण आली. नदीपल्याडची माणसं तेराव्याला पोचली नव्हती. म्हातारी वेशीपासूनच रडत आली. रीत अशी की आलेली बाई दारात गळ्यात पडते आणि घरच्या बाईनं तिच्या सुरात सूर मिसळायचा. चंदाकाकू धावत आली, तिनं सूर धरला. म्हातारीनं प्रणिताचं डोकं छातीशी ओढलं. लुगड्याला बसमधल्या धुळीचा वास होता.

"कशी वं माही जयवंती, हातावरची भाकर टाकून गेली वं."

प्रणिता तोंड झाकून बसली. पदराआड तिचे डोळे कोरडे होते. असं प्रत्येक वेळी झालं होतं. पहिल्या दिवशी, राख भरताना, तेराव्याला. बाया बघत आणि नजर काढून घेत. ती म्हातारीच्या बांगड्या मोजू लागली, चोळीच्या बाहीवरची शिवण बघू लागली.

बाहेर कोंबड्यानं तो लांब आवाज काढला.

म्हातारीचा हात मानेवरून झटकून प्रणिता उठली आणि अनवाणी अंगणात धावली. "हाऽ हाऽ हाऽ" करत तिनं हातात आलेला खराटा भिरकावला. शिकरा कुंपणावरून वळून गेला. त्याच्या पंज्यांत काही नव्हतं. पिल्लं पाचच्या पाच अर्ध्या ढिगात घुसली होती. तिला धाप लागली होती. मागं घरातलं रडणं थांबलं होतं.

ती दारात आली तेव्हा म्हातारी डोळे पुसत चंदाकाकूला विचारत होती, "काय झालं? कोन गेलं?"

"कोनी नाई मावशी. कोंबडीचं पिल्लू." चंदाकाकूनं प्रणिताकडे पाहिलं. "मायपायी टिपूस नाई काढलं पोरीनं. पिल्लापायी पाय धावले."

प्रणितानं चहा ठेवला. म्हातारीनं बशीत ओतून अर्धाच पिला आणि दुपारच्या बसची वेळ विचारली.

ती गेली तशी प्रणितानं पितळी वाटीत पाणी घेतलं. पुडीचा दोरा दातानं तोडला. रंग पाण्यात पडला आणि वाटी एकदम भरल्यासारखी दिसली. भर दुपार होती. गल्लीत पोरं होळीसाठी गोवऱ्या मागत फिरत होती. तिनं एकेक पिल्लू उचललं. मुठीत ते पिसाएवढं हलकं लागे, पण आतून गच्च धडधडे. पाठ, पंख, डोकं. डोळ्यांना लागू नये म्हणून अंगठा आडवा धरला. पाचवं झालं तेव्हा तिचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत गुलाबी झाले होते.

पिल्लं वाळू दिली आणि कोंबडीपुढं सोडली.

कोंबडी मान वाकडी करून बघत राहिली. पिल्लं सवयीनं तिच्या पोटाखाली घुसायला गेली. तिनं पहिल्याला चोच मारली. मग दुसऱ्याला, डोक्यावर. ते उलटं पडलं, चिवचिवत उठलं आणि पुन्हा तिच्याकडेच गेलं. तिनं पंख फुगवले आणि परकी कोंबडी अंगणात शिरल्यावर करते तसा आवाज काढत त्यांना ढिगापर्यंत हाकलत नेलं. मग एकटीच परत आली आणि अंगणभर आपली पिल्लं हुडकू लागली. दाणा दिसला की टुक टुक बोलवायची. गुलाबी पिल्लं धावत यायची. ती चोच मारायची.

प्रणितानं रंग धुवून पाहिला. पाण्यानं पिल्लं चिंब झाली, रंग हलला नाही. पिल्लं थरथरायला लागली. तिनं कोंबडीला डाल्याखाली त्यांच्याबरोबर कोंडलं, तर आतून अशी झटापट ऐकू आली की लगेच उचलावं लागलं. पिवळट पिल्लाच्या डोक्याची कातडी सोलली होती. ते रक्त होतं की रंग, बोट लावेपर्यंत कळेना. शेवटी ती ढिगाला पाठ लावून बसली, पाचही पिल्लं ओटीत घेतली आणि वरून पदर टाकला.

चंदाकाकू पाण्याची गुंडी घेऊन बोरिंगवरून येत होती. कुंपणाशी थांबली. प्रणिताचे हात बघितले.

"अवं माय," ती हळूच म्हणाली. "भाऊकी सकाळी येऊन राह्यली, अन् हे काय केलं तू?"

प्रणितानं हात पदराखाली घेतले.

चंपतराव आले तेव्हा दिवस बुडत होता. ओट्यावर चिमटा नव्हता टेकवला, हातातच होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं, पदर हलत होता तिकडे पाहिलं, अंगणाच्या मध्यावर एकटीच ओरडत फिरणारी कोंबडी पाहिली.

"दिवसा लावला?"

तिनं पदर जरा बाजूला केला.

"दिवसा नाई लावत. अंधार पडल्यावर लावाचा. अन् तिच्याबी पोटाले लावाचा, छातीले लावाचा, मंग सोडाचे खाली." त्यांनी चिमटा टेकवला. "तुही माय तसंच करे. म्या कंदील धरत जाओ."

"मले मालूम नवतं."

"तू झोपून जात होती तवा."

ते न्हाणीत गेले. पाण्याचा आवाज झाला. परत आले ते ओल्या हातांनी कोंबडी पकडायला वाकले. ती दोनदा निसटली. साठी उलटलेला माणूस अंधुक अंगणात कोंबडीमागं वाकून धावत होता. तिसऱ्यांदा त्यांनी तिला ढिगाशी दाबली, पंख मिटवून मांडीत घेतली आणि जमिनीवर बसले.

"आन वाटी."

"बाबा, धुळवड उद्या हाये. तुमच्या हाताले लागन."

"आन म्हनलो न."

तिनं वाटी आणली. त्यांनी स्वतःच तळवा रंगात बुडवला आणि कोंबडीच्या पोटावरून फिरवला. काळ्या पिसांवर रंग दिसेना. त्यांनी पिसं उलटी केली, खालचा राखाडी मऊ कापूस उघडा केला आणि त्यात रंग जिरवला. कोंबडी आधी तडफडली. मग डोळे मिटून पडून राहिली. गावात होळी पेटली होती. कुंपणाच्या काट्यांवर उजेड हलत होता.

"बाबा."

"हं."

"मायनं मले ओळखलं नाई. दवाखान्यात. नर्सले म्हने, हे बाई कोन हाये."

चंपतरावांचा हात थांबला नाही. त्यांनी छातीची पिसं उलटवली, तिथंही रंग लावला. मग म्हणाले, "मलेबी नाई ओळखलं. मले म्हने, मास्तर, माहे पोरं शाळेत आले का." त्यांनी वाटीत तळवा पुन्हा बुडवला. "धर, पाय धर तिचे. हालून राह्यली."

प्रणितानं पाय धरले. खरखरीत, गार पाय. तिच्या डोळ्यांत काहीतरी चुरचुरलं. होळीचा धूर इकडेच येत होता.

त्यांनी कोंबडी खुराड्यात ठेवली. प्रणितानं ओटीतलं एकेक पिल्लू अंधारात तिच्या खाली सरकवलं. दोघंही खुराड्याच्या तोंडाशी कान देऊन बसले. आतून एक-दोनदा चिवचिव झाली, कोंबडी कुरकुरली. मग शांत झालं.

सकाळी भाऊकी आली. पुढं सटवाजीदादा, पांढरा रुमाल डोक्याला, हातात ताट, ताटात गुलाल. मागं सात-आठ माणसं, चार बाया. लखनही आला होता. त्याच्या मोटारसायकलला मागं तारेचा पिंजरा बांधलेला होता. सटवाजीदादांनी दाराच्या चौकटीला रंगाचं बोट ओढलं, जयवंताबाईंचं नाव घेतलं, आणि चंपतरावांना म्हणाले, "आन हात."

चंपतरावांनी हात पुढं केले. दोन्ही तळवे गुलाबी होते.

सटवाजीदादांनी ताट खाली घेतलं. "हे काय गा चंपत?"

"कोंबडीले लावला."

"भाऊकी याच्या पह्यले?"

"घार थांबत नाई न दादा भाऊकीसाठी."

मागं कुणीतरी हसलं आणि हसू खोकल्यात लपवलं. सटवाजीदादा चंपतरावांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांची मान जरा हलली. रागानं की कशानं, कळलं नाही. "कपाळ तं कोरं हाये न," ते शेवटी म्हणाले, आणि कपाळाला रंग लावला. चंपतराव उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. लखननं त्यांना दंडाला धरलं.

चंदाकाकू गुलाल घेऊन प्रणिताकडे आली. तिचे तळवे उलटे करून पाहिले, कपाळाला बोट टेकवलं. "आता तं रड वं माय," ती कानाशी म्हणाली. प्रणितानं मान हलवली. रडू आलं नाही.

तेवढ्यात कोंबड्यानं आवाज काढला.

सगळ्यांनी वर पाहिलं, पण प्रणितानं कुंपणाकडे पाहिलं. शिकरा तिथूनच आला, कुंपणाच्या उंचीनं, सरळ. अंगणाच्या मध्यावर काळी कोंबडी होती, दाणे टिपणारी गुलाबी पिल्लं तिच्यापासून लांब, सारवलेल्या उघड्या जमिनीवर. कोंबडीनं घशातून एकच हाक दिली आणि पंख उघडले. आतलं पोट गुलाबी दिसलं. पिल्लं धावली. शिकऱ्यानं एक पंख कलता केला, माणसांमुळे की रंगामुळे कोण सांगणार, आणि तो चिंचेकडे न जाता शेतांवरून नदीकडे निघून गेला.

कोंबडी खाली बसली. तिच्या छातीच्या पिसांतून एक गुलाबी डोकं बाहेर आलं. तिनं मान वळवून पाहिलं, चोचीनं ते आत ढकललं.

लखन मोटारसायकलपाशी गेला. पिंजऱ्याच्या दोरीला हात लावला, अंगणाकडे पाहिलं. मग पिंजरा न उतरवताच दोरी आणखी आवळली आणि आत चहाला आला.

चंपतरावांनी भिंतीचा चिमटा उचलला. "आज धुळवड हाये गा," सटवाजीदादा म्हणाले, "आज वावरात जाते का कोनी?"

"ढीग अर्धाच हाये," चंपतराव म्हणाले.

प्रणितानं खुंटीवरची चुंबळ काढली आणि त्यांच्या मागं निघाली.